मोरी तुंबते कशी, मोकळी करावी कशी



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून विज्ञानापर्यंत नाना विषय येऊन जातात. मोरीला मात्र व्यासपीठावर क्वचितच जागा मिळते. ज्या सफाई कामगारांच्या संघटनेचे काम आम्ही इतकी वर्षे करीत आलो, त्यांचा दिवस मोरी-गटारापासूनच सुरू होतो. म्हणून आज तिच्याविषयीच बोलावयाचे ठरविले आहे.

प्रथम मोरी तुंबते का, ते पाहू. आपल्या खानदेशात भाजीवर तर्री तरंगल्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. शेवभाजीची, भरिताची खरकटी भांडी तशीच मोरीत पडतात. तूप आणि डालडा नळीत गार होऊन थिजतात. तेल साबणाच्या मळीला धरून बसते. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते, भांडी घासण्याची राख आणि न्हाणीतले केस येऊन अडकतात. मोरी एका दिवसात तुंबत नाही. महिनोन् महिने आपण ती थोडी थोडी भरीत असतो.

मोरीखालच्या नळीला एक बाक असतो. न्हाणीत जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात सदैव थोडे पाणी साचून राहते. काहींना तो कारागिराचा आडमुठेपणा वाटतो, पण ते पाणी म्हणजे घराचा पहारेकरी आहे. गटारातली घाण हवा त्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी अशा बाकाचे पेटंट घेतले. हातांनी काम करणाऱ्या एका कारागिराचे हे देणे आज घरोघर आहे. मात्र जेथे पाणी थांबते तेथे गाळही थांबतो. म्हणून अडथळा बहुधा तेथेच सापडतो.

आता उपाय. आधी निदान करावे. एकच मोरी तुंबली असेल तर दोष तिच्या बाकात आहे. न्हाणी, मोरी, संडास सारेच सावकाश वाहू लागले असतील तर दोष बाहेरच्या चेंबरात किंवा त्यापुढे आहे. चेंबरचे झाकण उचलून पाहावे: चेंबर कोरडे असेल तर अडथळा घराच्या बाजूला, तुडुंब असेल तर पुढच्या बाजूला.

बाकातला अडथळा असल्यास वरचे पाणी उपसून दोन-तीन बोटे ठेवावे. बेसिनला वरच्या अंगाला जादा पाण्याचे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे, नाहीतर सारा जोर तेथून निघून जातो. मग रबरी पंप तोंडावर बसवून पंधरा-वीस वेळा दाबावा आणि ओढावा. दाबण्याइतकेच ओढण्यालाही महत्त्व आहे. गाळ हलतो तो दोन्ही बाजूंच्या धक्क्यांनी. तेवढ्याने न भागल्यास खाली बादली ठेवून बाकाची चकती फिरवून काढावी, गाळ काढून टाकावा आणि चकती पुन्हा नीट बसवावी. त्याच्याही पुढे अडथळा असेल तर लवचिक तार फिरवीत फिरवीत आत सारावी. शेवटी गरम पाणी सोडावे. पण प्लास्टिकच्या नळीत उकळते पाणी ओतू नये, ती मऊ पडून वाकते.

कॉस्टिक सोडा आणि ॲसिड यांविषयी सावध राहावे. दोन्ही कातडी भाजतात, डोळा घालवितात. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. शिवाय औषध ओतून मोरी मोकळी झाली नाही, तर पुढे जो कोणी ती उघडील त्याच्या हातावर तेच पाणी उडते. म्हणून काय ओतले आहे ते त्याला आधी सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

येथवरचे काम घरच्या माणसाने करावे. याच्यापुढे येते सेप्टिक टाकी, आणि तेथे प्रश्न जिवाचा होतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही तेथेच राहतो.

मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ साली बर्वे समिती नेमली होती. पुढे १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली केंद्राने कायदे केले. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात वा टाकीत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूबद्दल दहा लाखांची भरपाई ठरविली, ती २०२३ साली तीस लाखांवर नेली. परंतु पैशाने घरचा कर्ता परत येत नाही. पाचशे-हजार रुपयांत "एक माणूस उतरवा" म्हणणारा घरमालकही या गुन्ह्यात भागीदार असतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. टाकी उपसावयाची ती पंपाच्या गाडीने, वरून.

आणखी एक गोष्ट. आपल्या पहूरची वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि पुढे धरणात जाते; त्या धरणाचे पाणी जळगावकर पितात. आपण मोरीत जे लोटतो ते नाहीसे होत नाही. ते कोणाच्या तरी हाताला लागते, नाहीतर कोणाच्या तरी घागरीत जाते.

तेव्हा पहूरकर बंधुभगिनींना आमची मागणी तीन गोष्टींची आहे. खरकटे आणि तेल कागदाने किंवा राखेने पुसून कचऱ्यात टाका; मोरीला जाळी बसवा आणि आठवड्याला ती स्वतः धुवा; कामाला माणूस बोलावलाच तर त्याला हातमोजे, साबण, पाणी आणि ठरलेली मजुरी त्याच दिवशी द्या. एवढे केले तर पुष्कळ मोऱ्या तुंबणार नाहीत, आणि ज्या तुंबतील त्यांच्यापायी कोणाचे कुंकू पुसले जाणार नाही.