चौदा तुकड्यांचं यान

चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.१६६ मीटर उंच होता. आता घरातल्या लेगोच्या डब्यातला सगळ्यांत ओळखीचा ठोकळा घ्या, वर आठ बटणं असलेला, दोन बाय चारचा. तो १६ मिलिमीटर रुंद, ३२ मिलिमीटर लांब आणि बटणं सोडून ९.६ मिलिमीटर उंच असतो. असे दोन ठोकळे एकमेकांना चिकटून ठेवले की ३२ बाय ३२ चा चौरस होतो. त्यावर आणखी दोन आडवे टाकून दाबले की खालची जोडी पक्की बांधली जाते आणि उंची होते १९.२ मिलिमीटर. विक्रमला साडेबासष्ट पटींनी लहान करून बघितलं तर लांबी-रुंदी नेमकी ३२ मिलिमीटर येते आणि उंची १८.७. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. चार ठोकळ्यांत लँडरचं धड तयार!

मग पाय. चारी कोपऱ्यांच्या खाली सरळ एकेक तुकडा लावला तर चौरंग दिसतो, लँडर दिसत नाही. त्याऐवजी एक बाय दोनची चपटी प्लेट घ्यायची, तिचं एक बटण कोपऱ्याखाली अडकवायचं आणि दुसरं बाहेर काढायचं. चारी प्लेटा भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या चार दिशांना वळवायच्या आणि बाहेरच्या टोकाखाली एकेक छोटी गोल प्लेट बसवायची. आता धड जमिनीपासून उचललं जातं, पाय पसरतात आणि आताच कुठेतरी उतरल्यासारखं ते दिसू लागतं. शेजारी प्रज्ञान रोव्हर हवा. तो मुळात ९१७ बाय ७५० बाय ३९७ मिलिमीटरचा, म्हणजे याच प्रमाणात साधारण १५ बाय १२ बाय ६.४. दोन बाय दोनच्या दोन प्लेटा एकावर एक ठेवल्या की उंची बरोबर ६.४ मिलिमीटर होते, रुंदी थोडी जास्त होते, ती चालवून घ्यायची. मोजून चौदा तुकडे झाले. ज्या एलव्हीएम-३ रॉकेटनं हे सगळं वर नेलं ते ४३.५ मीटर उंच आहे. त्याला याच मापात उभं करायचं म्हटलं तर जवळजवळ ७० सेंटिमीटरचा मनोरा रचावा लागेल.

जगभरच्या हौशी मंडळींत या कामाला ‘मायक्रोस्केल’ म्हणतात. तळहातावर मावणारी, बहुतेक वेळा पंधरा ते पन्नास तुकड्यांत संपणारी अंतराळयानं. लेगो कंपनीनं २०१७ साली ‘स्टार वॉर्स’मधलं मिलेनियम फाल्कन ७,५४१ तुकड्यांत विकायला काढलं. तेच यान नाताळच्या आधी रोज एक कप्पा उघडायच्या चोवीस कप्प्यांच्या पेटीतून चिमूटभर तुकड्यांत आलेलं आहे, आणि बघणारा पोरगा दोन्हींना एकाच नावानं ओळखतो. माझं मत विचाराल तर कसब दुसऱ्यात जास्त आहे. हजारो तुकडे असले की खऱ्या यानावरची प्रत्येक नळी, प्रत्येक झडप दाखवता येते. वीस तुकडे असले की त्यातलं काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आधी यान नीट बघावं लागतं.

हे गाळण्याचं शहाणपण आमच्या डहाणू तालुक्याला कुणी शिकवायला नको. सरावलीच्या आसपास कुठल्याही पाड्यावर जा, वारली चित्रातला माणूस दोन त्रिकोणांचा असतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल, काडीसारखे हातपाय, बस्स. तेवढ्यात तो नाचतो, पेरतो, शिकार करतो, तारपा वाजवतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढणाऱ्या बायकांनी ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढं ठेवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाक, डोळे, बोटं यांतलं काहीही न काढता माणसाची लगबग दाखवणं आणि इंजिन, दार, शिडी न दाखवता यानाचा वेग दाखवणं, या दोन्हींमागं नजर एकच लागते.

छोट्या यानात सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा खिडकीचा. पुढच्या टोकाला एक उतरता पारदर्शक तुकडा लावला की बघणारा मनाशी धरतो, इथं एक वैमानिक बसला आहे, म्हणजे हे यान लढाऊ विमानाएवढं असणार. तेच धड तसंच ठेवून तो तुकडा काढला आणि कडेला दोन-चार बारीक पारदर्शक ठिपके लावले की क्षणात ते शेकडो माणसं नेणारं जहाज होतं. धडाचं माप तसूभरही बदललेलं नसतं. नवशिक्यांची यानं फसतात ती बहुधा इथंच: खिडकी एक सांगते, इंजिनाची नळकांडी दुसरंच सांगते. दोन्ही एकाच मापाची वाटली पाहिजेत.

दुसरी गंमत आडव्या बांधणीची. ठोकळ्यांची बटणं वर असतात, त्यामुळे सगळं वरवरच रचत जावं असं वाटतं. पण तीन प्लेटांची उंची एका ठोकळ्याएवढी, आणि पाच प्लेटांची उंची १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन बटणांच्या रुंदीएवढी. मापांचं हे नातं माहीत असलेला माणूस तुकडे कुशीवर झोपवतो, बटणं बाजूला वळवतो आणि तरीही सगळं फटीशिवाय बसवतो. यानाचे गुळगुळीत पंख, दोन्ही बाजूंना सारखी असलेली नाकाडं ही सगळी पाचास दोनच्या हिशेबावर उभी असतात. एका बाजूला बटण असलेला एक बाय एकचा छोटा तुकडा यासाठी फार उपयोगी पडतो. गाडीचा दिवा बसवायला बनवलेला हा तुकडा यानवाल्यांनी जवळजवळ आपलाच करून टाकला आहे.

ही मापं ज्या गावात ठरली ते डेन्मार्कमधलं बिलुंड. ओले कर्क क्रिस्टियानसेन नावाच्या सुतारानं १९३२ साली तिथं लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकचे ठोकळे १९४९ पासून आले, पण ते नीट पकडत नसत. आत पोकळ नळ्या घालून पकड घट्ट करण्याच्या युक्तीसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज झाला. तेव्हापासूनचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. आजोबांच्या डब्यातला आणि नातीच्या डब्यातला तुकडा एकाच यानात चालतो, असं दुसरं खेळणं मला तरी माहीत नाही.

याचं श्रेय प्लास्टिकपेक्षा साच्याला आहे. साचा केसभर ढिला झाला तर ठोकळा गळून पडतो, केसभर आवळ झाला तर लहान मुलाला तो निघत नाही. हे चिंचणी-वाणगावच्या माणसाला जास्त समजावं लागणार नाही. डहाणूच्या या किनारपट्टीवर घरोघरी डायमेकिंग चालतं, सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे धातूवर हातानं कोरतात, आणि इथं कोरलेल्या डायवर दूरदूरच्या सराफांचे दागिने उठतात. डाय चांगली तर दागिना चांगला, हे वाक्य तिथल्या पोरांना कळत्या वयापासून कानावर पडतं.

अंतराळाची मालिका या ठोकळ्यांत आली १९७८ साली. त्याच वर्षी हातपाय हलवता येणारी ती चिमुकली पिवळ्या चेहऱ्याची माणसं आली. ती आणि अंतराळाची मालिका या दोन्हींमागं येन्स न्यूगोर क्नूडसेन हे डिझायनर होते. निळं-करडं धड आणि पिवळ्या काचा असलेलं ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ हे त्या मालिकेतलं लाडकं यान ३३८ तुकड्यांचं होतं. कंपनीनं २०२२ मध्ये आपल्या नव्वदीला ते १,२५४ तुकड्यांत पुन्हा काढलं, तेव्हा ते घेणाऱ्यांत केस पिकलेले लोक पुष्कळ होते. खुद्द अंतराळातही ठोकळे जाऊन आले आहेत. जपानी अंतराळवीर सातोशी फुरुकावा यांनी २०११ साली अंतराळ स्थानकात बसून त्याच स्थानकाची लेगो प्रतिकृती जोडली. त्याच वर्षी निघालेल्या नासाच्या जुनो यानावर गॅलिलिओ, ज्युपिटर आणि जुनो यांच्या ॲल्युमिनियमच्या तीन लेगो मूर्ती बसवल्या होत्या.

कुणी म्हणेल, तुकडे थोडे म्हणजे शक्यताही थोड्या. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी दोन बाय चारचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतात ते संगणकाकडून मोजून घेतलं. उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. सहा ठोकळ्यांचे साडेएक्क्याण्णव कोटी प्रकार! आपलं लँडरचं धड चार ठोकळ्यांतच झालं होतं.

आता वाटण्याबद्दल. यान बांधून कपाटात ठेवलं तर ते एकाचं राहतं, कृती लिहून दिली तर ते कुणाचंही होतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ साली एलड्रॉ नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक तुकडा म्हणजे मजकुराची एक ओळ. रंग कोणता, तो कुठे आहे, कोणत्या बाजूला वळलेला आहे आणि त्याचा क्रमांक काय, एवढं त्या ओळीत येतं. एका बटणाची रुंदी २० एकक, ठोकळ्याची उंची २४, प्लेटची ८. आपलं चौदा तुकड्यांचं यान या पद्धतीत चौदा ओळींत मावतं. जेसिमन १९९७ मध्ये अगदी तरुण वयात गेले. पण त्यांची पद्धत हौशी लोकांनी पुढं चालू ठेवली आणि आजही तिच्यात यानं लिहिली जातात, फुकट दिली-घेतली जातात.

महाराष्ट्रालाही ही वाटण्याची रीत ओळखीची आहे. अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाडी यांतून जोडणीचा संच उभा केला. त्यात त्रिकोण ताठ उभा राहतो आणि चौकोन डुलतो हे मुलाच्या बोटांनाच कळतं. पुढं पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बसून त्यांनी शेकडो खेळण्यांच्या कृती कुणालाही मोफत मिळतील अशा करून ठेवल्या. यानवाल्यांनी त्यांच्याकडून घ्यावं ते हेच: कृती इतकी साधी लिहा की वाचणाऱ्याला तुम्हाला काही विचारावं लागू नये.

पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मोठा लेगो संच तलासरीच्या किंवा सरावलीच्या बहुतेक घरांना परवडणारा नाही. पण ठोकळ्याचं मूळ पेटंट कधीच संपलं आहे आणि त्याच्या आकारावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नाही, असं युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१० साली ठरवलं. त्यामुळे त्याच मापाचे ठोकळे कुणीही बनवू शकतो आणि भारतातही ते बनतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घेताना ते चिन्ह बघावं आणि एक-दोन ठोकळे दाबून पकड तपासावी. मायक्रोस्केलला तुकडेच थोडे लागतात, म्हणून एका डब्यात अख्खा वर्ग भागतो.

आणि डबा नसला तरी अडू नये, हे याच तालुक्यात सिद्ध झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे त्यांनी ओळखलं आणि बिया, शिंपले, खडे, पानं, माती यांतून मोजायची, लावायची, ओळखायची साधनं केली. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. साधन परिसरातून घ्यावं, हा त्यांचा कटाक्ष यानाच्या प्रतिकृतीलाही तंतोतंत लागू पडतो. काडेपेटीच्या खोक्यांचा लँडरही चालेल, फक्त लांबी, रुंदी आणि उंची यांचं प्रमाण बरोबर हवं.

विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रावर उतरला आणि तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. डहाणू आणि तलासरीतल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या २३ ऑगस्टला भाषणं थोडी आवरा आणि चार-चार मुलांच्या गटाला चौदा-चौदा तुकडे द्या. खऱ्या लँडरची मापं फळ्यावर लिहा आणि साडेबासष्टचा भागाकार मुलांनाच करू द्या. जे यान चांगलं जमेल त्याची कृती मुलांच्याच हातानं, एका पायरीला एक चित्र अशी कागदावर काढून घ्या, आणि तो कागद शेजारच्या पाड्यावरच्या शाळेला पाठवा. अगदी लहान मुलं जवळ असतील तर बारीक तुकडे त्यांच्या हाती लागू देऊ नका.