धनुष्कोडी : स्थानक बुडाले, माणसे अधांतरी

तामिळनाडूतील रामेश्वरम बेटाच्या टोकाला, धनुष्कोडी येथे, एका रेल्वे स्थानकाच्या पडक्या भिंती वाळूत उभ्या आहेत. २०१७ साली तिथपर्यंत पक्का रस्ता झाला. पर्यटक येतात, छायाचित्रे काढतात आणि 'भुताचे गाव' पाहिले म्हणून सांगतात. रामसेतूची कथा ज्याला त्याला पाठ असते. पण या स्थानकातून कोणती माणसे गेली, हे कुणी विचारत नाही. आम्हाला आज त्या माणसांबद्दलच बोलायचे आहे.

१९१४ साली पांबनचा पूल खुला झाला आणि रेल्वे थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत पोहोचली. मद्रासहून निघालेली 'बोट मेल' येथे थांबे, प्रवासी आगबोटीत बसत, तलैमन्नारला उतरत आणि पुढच्या गाडीने कोलंबो गाठत. साहेब, व्यापारी, यात्रेकरू या वाटेने गेले. पण सिलोनच्या चहामळ्यांची भरभराट ज्यांच्या घामावर झाली, तो मजूरही याच वाटेने गेला. कोण होता हा मजूर? तामिळ मुलखातला भूमिहीन, कर्जात बुडालेला. त्यांत बहुसंख्य परैयर, पळ्ळर, चक्किलियर अशा अस्पृश्य जातींचे. 'कंगाणी' नावाचा मुकादम गावात येऊन उचल देई आणि माणसे घेऊन जाई. मंडपमला सिलोन सरकारची छावणी होती. तेथे मजुरांना वेगळे ठेवून तपासले जाई आणि मगच पुढे सोडले जाई. गावाची वेस सुटली, पण जात आणि कर्ज बोटीत बसून सोबत गेले.

सिलोन स्वतंत्र झाले आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने या मळेकामगारांना परके ठरवले. बापाचा वा आजाचा जन्म सिलोनमध्ये झाल्याचा पुरावा आणा, असे त्यांना सांगण्यात आले. ज्याच्या जन्माची नोंदच कुणी केली नाही, त्याने पुरावा आणायचा कुठून? पुढच्याच वर्षी मतदानाचा हक्कही गेला. पिढ्यान्‌पिढ्या राबलेली लाखो माणसे एका कायद्याने देशाविना झाली. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा कागद शोधत तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आमच्या वाचकांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवून घ्यायची आणि उरलेल्या दीड लाखाचे पुढे पाहायचे. त्यांचा निर्णय १९७४ साली, निम्मे-निम्मे वाटून झाला. माणसांची अशी वाटणी करताना त्यांना विचारले कुणी?

करार होऊन दोन महिनेही झाले नव्हते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली ६५३ क्रमांकाची पॅसेंजर गाडी धनुष्कोडी स्थानक जवळ आले असताना लाटेखाली गेली. शंभराहून अधिक माणसे बुडाली. गाव, धक्का, रुळ सारे वाहून गेले. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवले. पांबनचा पूल ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला. धनुष्कोडीला मात्र पुन्हा गाडी आली नाही. २०१९ साली नव्या मार्गाची पायाभरणी झाली, तरीही आलेली नाही. तेथे टिकून राहिले ते कोळी, झोपड्यांमध्ये.

करारानुसार परतणारे मजूर मग तलैमन्नारहून थेट रामेश्वरमला उतरू लागले आणि मंडपमच्या त्याच छावणीत येऊ लागले. जाताना तपासणी, येताना तपासणी! काहींना निलगिरीच्या सरकारी चहामळ्यांत काम मिळाले. म्हणजे पुन्हा पाने खुडणेच आले. १९८३ नंतर यादवी भडकली आणि १९८४ साली बोटही बंद झाली. ज्यांना भारतात यायचे होते ते अडकले. पुढे जीव मुठीत धरून पळून आले, तेव्हा कागदोपत्री निर्वासित ठरले. श्रीलंकेने २००३ साली कायदा करून आपल्याकडे उरलेल्यांना नागरिकत्व दिले. आपण काय केले? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचे नावच नाही. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अशा ६५ जणांच्या अर्जांचा विचार करा, असे सरकारला सांगितले. भारतीय मजुरांच्या या वंशजांना भारतीय होण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली!

संविधानाच्या कलम १४ ने कायद्यापुढील समानता केवळ नागरिकाला नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला दिली आहे. जो कागदावर कुणाचाच नाही, त्यालाही ते कलम आपले म्हणते. म्हणून वादळाने बुडवलेल्या गाडीचे दुःख करताना कायद्याने बुडवलेल्यांचाही हिशेब मागितला पाहिजे. वादळावर खटला भरता येत नाही. कायदा मात्र माणसेच करतात, आणि तो बदलण्याची जबाबदारीही माणसांचीच, म्हणजे तुमची-आमची आहे.