हत्यारे आणि कारागिरी (लेखांक 7) : पोलादाची निळाई

मागील लेखांकात तलवारीच्या मुठीवरील कोफ्तगरीचा, म्हणजे पोलादावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविण्याच्या कलेचा, परामर्श घेतल्यावर रिव्हॉल्व्हरसारख्या अर्वाचीन शस्त्राकडे वळावे, तर येथे कारागिराच्या हाताला काही वाव उरला असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु त्यातील स्क्रू, पिना, चाप, घोडा हे लहानसे भाग उजेडात धरून निरखले, म्हणजे तो समज टिकत नाही. जुन्या उत्तम रिव्हॉल्व्हरच्या स्क्रूंची डोकी मोरपिसासारखी निळी असतात, आणि ती निळाई रंगाऱ्याच्या कुंचल्यातून उतरलेली नसते.

ज्या शिरूरच्या छावणीतून 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण कोरेगावच्या वाटेला लागली, तेथे हत्यारांची ओळख पूर्वापार आहे, आणि दौंडला तर आजही राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. तथापि या निळाईचे मर्म मला उमगले ते कोणत्याही शस्त्रागारात नव्हे, तर उसाच्या हंगामात या दोन्ही तालुक्यांत पाल ठोकून बसणाऱ्या घिसाड्यांच्या भात्यापाशी. कोयता लाल करून घिसाडी त्याची धार तेवढी पाण्यात बुडवितो, लगेच बाहेर काढून दगडावर घासून धारेलगतची पट्टी उजळ करतो आणि मग डोळा न हलविता तिच्याकडे पाहत राहतो. पाठीत उरलेली ऊब धारेकडे सरकू लागली की उजळ पट्टीवर प्रथम गव्हाच्या काडाचा पिवळा रंग चढतो, मागोमाग तपकिरी, त्यामागून जांभळा आणि शेवटी निळा. हवा तो रंग धारेला पोचताच कोयता पुन्हा पाण्यात जातो. पाणी देणे म्हणतात ते हेच.

हे रंग म्हणजे उष्णतेची नोंदच होय. तापलेल्या पोलादावर प्राणवायूच्या संयोगाने ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो, त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या किरणांचे व्यतिकरण होते, आणि पापुद्रा जाड होत जाईल तसा रंग पालटतो : सुमारे 220 अंश सेल्सियसला पिवळा, 280 च्या आसपास जांभळा, 300 ला निळा, आणि त्याहून फार पुढे गेल्यास निस्तेज करडा. स्क्रू निळा करावयाचा तर तो आरशासारखा घासून, तेलाचा अंशही न ठेवता, तापल्या वाळूत सावकाश उबवावा लागतो. घासण्यात राहिलेला एकेक ओरखडा निळाईत दुप्पट उठून दिसतो. कोल्टच्या 1873 च्या लष्करी नमुन्याच्या चौकटीवर दिसणारे निळे-करडे ढग मात्र निराळ्या रीतीचे : हाडाच्या व चामड्याच्या कोळशात भाग तापवून पाण्यात सोडला असता ते उमटतात, आणि त्याच क्रियेत पोलादाची कातडी कठीण होते.

चाप आणि घोडा यांच्या वाटेला मात्र हौसेने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चापाच्या ज्या कंगोऱ्यावर घोडा अडकून राहतो त्याचा कठीणपणा निळ्या रंगापर्यंत तापविल्यास उतरण्याचा संभव असतो, मग तो कंगोरा झिजतो, आणि घोडा अवेळी सुटण्याचे भय निर्माण होते. शोभेपायी कोणाच्या जिवावर बेतावे, हे मला सहन होणारे नाही. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमाने हत्यारावरील नाव, क्रमांक वा ओळखीची खूण खोडण्यास अगर बदलण्यास साफ मनाई केली आहे, आणि दुरुस्तीचा धंदाही परवान्याविना करता येत नाही. सबब परवानाधारकाने हे काम रीतसर परवाना असलेल्या बंदूकसाजाकडेच सोपवावे आणि पॉलिशच्या चाकाखाली क्रमांक पुसट होऊ नये याविषयी त्यास आधीच बजावून ठेवावे.

त्या कारागिराचे हात पाहण्याची संधी मिळाल्यास वाचकांनी ती दवडू नये. वाळूतला स्क्रू जांभळा होतो, कडेने निळा होऊ लागतो, आणि ती निळाई मध्यावर मिळते न मिळते तोच चिमटा खाली उतरतो व स्क्रू तेलाच्या वाटीत पडतो.