विश्लेषण : ऐतिहासिक वास्तूच्या आत लाइट शो… नवा प्रोजेक्टर घेण्याआधी भिंत का मोजावी लागते?

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ पासून ध्वनिप्रकाश कार्यक्रम होत असे. जानेवारी २०२३ मध्ये तेथे प्रोजेक्शन मॅपिंगवर आधारित ‘जय हिंद’ हा नवा शो सुरू झाला. जुन्या वास्तूंमधील असे शो अद्ययावत करण्याची कामे देशभर वाढत आहेत. मुंबई-पुण्याच्या मधोमध असलेल्या कर्जत-खालापूर पट्ट्यातही कोंढाणे आणि आंबिवलीची लेणी आहेत, शतकभर जुनी वीजगृहे आहेत आणि शनिवार-रविवारी येणारी गर्दीही आहे. येथे असा शो आणायचा झाल्यास तंत्रज्ञान काय सांगते आणि वास्तूला काय झेपेल?

प्रोजेक्शन मॅपिंग म्हणजे नेमके काय?

सपाट पडद्यावर चित्र टाकणे सोपे असते. मॅपिंगमध्ये पडदा नसतो. खांब, कमान, कोरीव जाळी यांचे आधी लेझर स्कॅनिंग करून संगणकात त्रिमितीय प्रतिकृती तयार केली जाते. मग प्रत्येक उंचवट्यावर नेमके किती चित्र पडावे हे ठरवले जाते. अनेक प्रोजेक्टरची चित्रे कडेला एकमेकांत बेमालूम मिसळावी लागतात. याची मुळे जुनी आहेत. फ्रान्समधील शांबोर राजवाड्यात १९५२ मध्ये पहिला ध्वनिप्रकाश कार्यक्रम झाला, तर डिस्नेलँडने १९६९ मध्ये पुतळ्यांच्या चेहऱ्यांवर चित्रफीत टाकून ते गाणे गात असल्याचा भास निर्माण केला.

‘अपग्रेड’मध्ये काय बदलते?

सर्वात आधी दिव्याचे प्रोजेक्टर जाऊन लेझर प्रोजेक्टर येतात. जुन्या दिव्याचे आयुष्य साधारण दोन-तीन हजार तास, तर लेझरचे सुमारे २० हजार तास, अशी जाहिरात केली जाते. हा आकडा आकर्षक असला तरी हिशेब करून पाहावा. रोज अर्ध्या तासाचे दोन खेळ म्हणजे वर्षाला ३६५ तास. या वेगाने २० हजार तास संपायला ५० वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याच्या कितीतरी आधी यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भाग जुने होतील आणि सुटे भाग मिळेनासे होतील. त्यामुळे कमी खेळ असलेल्या ठिकाणी लेझरचा खरा फायदा वेगळा आहे. दिवा बदलण्यासाठी कोणाला उंचावर चढावे लागत नाही, यंत्र आडवे-उभे कसेही बसवता येते आणि वेगवेगळ्या प्रोजेक्टरचे रंग एकमेकांपासून लवकर फटकत नाहीत.

फोर-के घेतलेच पाहिजे का?

दहा मीटर रुंद भिंतीवर फुल एचडी चित्र टाकले, तर १९२० ठिपके त्या रुंदीत बसतात. म्हणजे एक ठिपका सुमारे ५.२ मिलिमीटरचा. फोर-केमध्ये तो २.६ मिलिमीटर होतो. निरोगी डोळ्याला आठ मीटरवरून साधारण २.३ मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. प्रेक्षक तेवढ्या जवळ बसणार असतील तर फोर-केचा खर्च योग्य ठरतो. ते २० मीटरवर असतील, तर तोच पैसा ध्वनियंत्रणा आणि संहितेवर खर्च केलेला बरा.

प्रकाशाचे गणित बाहेर आणि आत वेगळे का?

२० हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर १०० चौरस मीटरवर पसरला, तर तेथे सुमारे २०० लक्स प्रकाश पडतो. पांढऱ्या चुन्याची भिंत त्यातील बहुतांश प्रकाश परत देते. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट मात्र तो गिळून टाकतो. म्हणून दगडी वास्तूत अधिक ताकदीचे यंत्र लागते, असे सुचवले जाते. पण आत पूर्ण अंधार असेल तर डोळे सरावतात आणि कमी प्रकाशही पुरतो. बाहेरच्या दर्शनी भागासाठी घेतलेले यंत्र आत आणले तर पैसे आणि वीज दोन्ही वाया जातात. अंतराचाही प्रश्न असतो. आठ मीटर रुंद चित्रासाठी ०.८ गुणोत्तराची लेन्स असेल, तरी यंत्र सुमारे साडेसहा मीटर मागे ठेवावे लागते. अरुंद चैत्यगृहात खांबांची सावली टाळून एवढी जागा मिळवणे कठीण असते.

वास्तूला धोका कशाचा?

पहिला धोका उष्णतेचा. प्रोजेक्टरने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. दोन किलोवॉटचे चार प्रोजेक्टर म्हणजे बंदिस्त जागेत चार गीझर चालू ठेवण्यासारखे. त्यात प्रेक्षकांच्या श्वासातील बाष्पाची भर पडते. दुसरा धोका प्रकाशाचाच. ओलसर दगडावर सतत प्रकाश पडला की शेवाळ वाढते. फ्रान्समधील लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली गेली. पर्यटकांचा श्वास आणि दिव्यांमुळे तेथील प्राचीन चित्रे बिघडू लागल्याने ती १९६३ मध्ये बंद करावी लागली. १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती उभारून लोकांना ती दाखवण्यात आली. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्रातही काही लेण्यांच्या प्रतिकृती आहेत, त्यामागचा विचार हाच.

कोंढाणे लेण्यांत काय अडचणी येतील?

राजमाचीच्या पायथ्याची ही बौद्ध लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरलेली आहे. पावसाळ्यात लेण्यांवरून धबधबा कोसळतो आणि आतली हवा दमट राहते. अशा हवेत यंत्राला बंदिस्त, हवा खेळती ठेवणारी पेटी लागते. अशा लेण्यांत वटवाघळांचा मुक्काम असतो आणि ती बाहेर पडण्याची वेळ म्हणजे नेमकी शोची वेळ. पायवाटेने यावे लागत असल्याने अंधारात शंभर-दोनशे प्रेक्षक खाली कसे उतरणार, हा सुरक्षेचा प्रश्न वेगळाच.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा लागू होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये बांधकामासाठी परवानगी लागते. त्यामुळे तिकीटघर, जनरेटरची खोली किंवा प्रोजेक्टरचा मनोरा कुठेही उभारता येत नाही. भिंतीत एकही खिळा न ठोकता, स्वतःच्या वजनावर उभ्या राहणाऱ्या आणि काढून नेता येणाऱ्या चौकटी वापरणे हाच सुरक्षित मार्ग मानला जातो. केबलही दगडात खाच न पाडता जमिनीलगतच्या आच्छादनातून न्यावी लागते.

मग या भागात पर्याय कोणता?

पॅरिसमध्ये १९ व्या शतकातील लोखंडाच्या ओतशाळेत २०१८ मध्ये ‘अतेलिए दे ल्युमिएर’ हे प्रकाशचित्रांचे दालन सुरू झाले. उंच छत, सपाट भिंती, कोरडी हवा आणि मोकळी जमीन या औद्योगिक वास्तूंच्या जमेच्या बाजू. खालापूर तालुक्यातील खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह १९२२ चे. ही चालती केंद्रे असल्याने आत गर्दी नेणे सोपे नाही, पण या इतिहासाची गोष्ट सांगायला जवळच एखादे साधे दालन पुरेल. चौक-कर्जत रस्त्यावरील एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’सारख्या चित्रपटांसाठी महाल उभारले गेले होते. सेटच्या भिंतीला भोक पडले तर ती पुन्हा रंगवता येते. दोन हजार वर्षे जुन्या खडकाला ती सोय नाही. लेण्यांची गोष्ट सेटवर किंवा दालनात दाखवून प्रत्यक्ष लेणी दिवसाउजेडी पाहायला सोडणे, हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग ठरू शकतो.

निविदेआधी कोणते प्रश्न विचारावेत?

शो येण्याआधी किमान एक पावसाळाभर आतील तापमान आणि आर्द्रता मोजली जाणार का? किती अंश वाढ झाल्यावर खेळ थांबवायचा, हे करारात लिहिले आहे का? पाच वर्षांनी देखभाल कोण करणार आणि सुटे भाग कुठून येणार? मूळ चित्रफितीची मालकी कोणाकडे राहणार? शेवटचा प्रश्न अनेकदा विसरला जातो. मूळ फाइल कंत्राटदाराकडेच राहिली, तर पुढचे अपग्रेड पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागते आणि आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो.