दोष नेमका केव्हा सुरू होतो?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी पुण्याच्या चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड असे मुळशीच्या बाजूला निघालात तर रस्ता तुम्हाला मोकळा मिळायचा नाही. ताम्हिणीचे धबधबे आणि धरणाचे पाणी पाहायला सारे शहर लोटलेले असते. संध्याकाळी हीच रांग उलटी फिरते. रस्त्याच्या कडेने त्या वेळी गावची माणसे पायी जात असतात आणि सोमवारी सकाळी त्याच कडेने मुले दप्तर घेऊन शाळेला जातात. परतणाऱ्यांपैकी काहींनी सहलीच्या भरात दारू घेतलेली असते. म्हणून पोलीस नाकाबंदी करतात आणि चालकाला एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला सांगतात.

याच भागातल्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या मुलांपुढे बोलण्याचा योग आला. बोलणे संपल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला. शाळेच्या फुटबॉल संघाचा तो गोलरक्षक. त्याने विचारले, "सर, एक माणूस दारू पिऊन गाडी चालवत घरी गेला. वाटेत कुणालाही काही झाले नाही. मग त्याने वाईट काय केले?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी याच प्रश्नावर डोके शिणवले आहे. मुलगा फुटबॉल खेळणारा होता, म्हणून मीही त्याला फुटबॉलच्याच दोन गोष्टी सांगितल्या. आपल्याकडे फुटबॉल म्हटले की कोल्हापूर आठवते. २०१४ ते २०१९ या काळात पुण्याचाही एक व्यावसायिक संघ मुळशीच्या वेशीवरच्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या मैदानात इंडियन सुपर लीगचे सामने खेळत असे. पण या गोष्टी इंग्लंडमधल्या आहेत. तिथे व्यावसायिक फुटबॉल शंभरावर वर्षे मुरलेला आहे आणि त्याच्या जोडीने पिण्याची रीतही पुष्कळ काळ मुरलेली होती.

टोनी ॲडम्स हा लंडनच्या आर्सेनल संघाचा कर्णधार. मे १९९० मध्ये दारूच्या अंमलाखाली त्याने आपली मोटार एका भिंतीवर नेऊन आदळली. त्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक भरले. सुदैवाने कोणी मेले नाही. डिसेंबरमध्ये त्याला चार महिन्यांची कैद झाली, त्यातले सुमारे दोन महिने त्याने भोगले आणि सुटून तो पुन्हा संघात आला. १९९६ साली त्याने आपल्याला दारूचे व्यसन असल्याचे उघडपणे सांगितले आणि २००० साली खेळाडूंसाठी व्यसनमुक्तीची एक संस्था काढली.

ल्यूक मॅककॉर्मिक हा प्लिमथ संघाचा गोलरक्षक. जून २००८ मध्ये संघातल्या एका माजी सहकाऱ्याच्या लग्नाची मेजवानी आटोपून तो पहाटे मोटार घेऊन निघाला. महामार्गावर त्याची मोटार दुसऱ्या एका मोटारीवर आदळली. तिच्यातली दोन सख्खी भावंडे, दहा आणि आठ वर्षांची मुले, मरण पावली. त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली सात वर्षे चार महिन्यांची. २०१२ साली तो सुटला आणि २०१३ मध्ये त्याच प्लिमथ संघाने त्याला परत घेतले. अशा माणसाला पुन्हा मैदानात उतरू द्यावे का, यावर तिकडे बराच वाद झाला.

आता या दोघांच्या कृतीकडे नीट पाहा. दोघेही प्याले, दोघांनीही किल्ली फिरवली, दोघांच्याही हातून चाक सुटले. एकापुढे भिंत आली, दुसऱ्यापुढे मुले बसलेली मोटार आली. समोर काय यावे हे दोघांपैकी कोणीच ठरवलेले नव्हते. मग एकाचा दोष मोठा आणि दुसऱ्याचा लहान, असे कसे म्हणावे?

या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. आधी शरीरात काय घडते ते पाहू, कारण पुढचा विचार त्याच्यावरच उभा आहे.

पोटात गेलेला मद्यार्क पचावा लागत नाही. जठरातून आणि मुख्यत्वे लहान आतड्यातून तो सरळ रक्तात शिरतो आणि शरीरात जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे पसरतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात याचे साधे गणित बसवले. पुरुषाच्या वजनाला साधारण ०.७ ने गुणले की मद्यार्क पसरायला किती जागा आहे ते कळते. स्त्रियांसाठी हा आकडा थोडा कमी असतो. ७२ किलोचा माणूस घ्या. जागा झाली सुमारे ५० किलो. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात, दारू ४२.८ टक्के तीव्रतेची असेल तर, सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. २० ग्रॅमला ५० किलोने भागा, म्हणजे दर किलोला ०.४ ग्रॅम. रक्ताच्या भाषेत हे १०० मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम झाले. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. एका मोठ्या पेगातच ती ओलांडली गेली! (इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे. आपला कायदा त्या मानाने कडक आहे, आणि ते योग्यच आहे.)

"पण खेळाडूचे शरीर तर कमावलेले असते," एक मुलगी म्हणाली. खरे आहे. चरबीपेक्षा स्नायूंत पाणी जास्त, म्हणून तेवढ्याच वजनाच्या स्थूल माणसापेक्षा खेळाडूच्या रक्तातले प्रमाण किंचित कमी येईल. त्यापलीकडे त्याला सवलत नाही. मद्यार्काचा निचरा यकृतातली विकरे करतात आणि ती आपल्याच चालीने करतात. तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम हा त्यांचा सरासरी वेग. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, मैदानाला चार फेऱ्या, यांपैकी कशानेही यकृत धावू लागत नाही. कॉफीने झोप उडते इतकेच. म्हणजे झोपाळू दारूड्याचा जागा दारूड्या होतो.

फुंकर मारायच्या यंत्राचे तत्त्वही यातच आहे. फुप्फुसात रक्त आणि हवा एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे रक्तातला थोडा मद्यार्क श्वासात उतरतो. सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात जितका मद्यार्क असतो तितकाच १ मिलिलिटर रक्तात असतो असे धरतात. पूर्वी काचेच्या नळीत पोटॅशियम डायक्रोमेट घालून तिच्यात फुंकायला लावत. मद्यार्क असला की नारिंगी रंग हिरवा होई. अमेरिकेत रॉबर्ट बॉर्कनस्टाइन यांनी १९५४ साली हाच रंगबदल मोजणारे सुटसुटीत यंत्र तयार केले. आजच्या बऱ्याच यंत्रांत मद्यार्काचे प्लॅटिनमच्या पट्टीवर ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निघणारी वीज मोजली जाते.

आता गोलरक्षकाकडे वळू. पेनल्टी किक ११ मीटरवरून मारतात. चेंडूचा वेग सेकंदाला २७ मीटर धरला तर तो ०.४ सेकंदात गोलात पोचतो. डोळ्यांनी पाहून हात हलायलाच त्यातला जवळजवळ अर्धा वेळ जातो. दशांश सेकंदावर ज्याची भाकरी अवलंबून आहे असा हा माणूस! रस्त्यावर तोच हिशेब करा. मोटारीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. मद्यार्काने प्रतिक्रियाकाल नुसता ०.२ सेकंदाने लांबला तरी ब्रेकवर पाय पडण्यापूर्वी मोटार ४ मीटर जास्त पुढे जाते. पौडच्या रस्त्यावर रांगेने चालणारी चार-पाच मुले तेवढ्या जागेत येतात.

आणि प्रतिक्रियाकाल ही तशी दुय्यम बाब आहे. मद्यार्काचा घाला आधी पडतो तो मेंदूच्या तारतम्यावर. एकाच वेळी आरसा, समोरचा दिवा आणि रस्त्याची कड सांभाळणे थोड्या मात्रेतच बिघडते. त्याच वेळी माणसाला वाटू लागते, की आपण अगदी ठीक आहोत, उलट नेहमीपेक्षा जरा बरेच चालवतो आहोत. गाडी चालवण्याइतके आपण शुद्धीत आहोत का, हे ज्या साधनाने ठरवायचे ते साधनच दारूने आधी नादुरुस्त केलेले असते. तराजू बिघडला आहे की नाही हे त्याच तराजूवर कसे तोलणार?

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. "माणूस शुद्धीवर नव्हता. मग त्याला दोष कसा द्यायचा?" ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने तेवीसशे वर्षांपूर्वी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मिटिलीनीच्या पिटॅकस या राज्यकर्त्याने, नशेत गुन्हा केला तर शिक्षा जास्त, असा कायदा केल्याचे तो नोंदवतो. नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा का द्यायची, याचे कारणही त्याने सांगितले आहे. न पिणे त्या माणसाच्या हातात होते आणि अज्ञान त्याने स्वतःच ओढवून घेतले.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेतही हाच धागा होता. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने नशा दिली आणि माणसाची समजच गेली तर त्याला माफी होती. आपणहून प्यायलेल्याला मात्र न पिता जेवढी समज असती तेवढीच ती त्याला होती असे कायदा धरून चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही कलमे कायम आहेत. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये प्यालेल्या तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सातजण मेले, आठजण जखमी झाले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. हा निव्वळ निष्काळजीपणा नव्हे, अशा चालवण्याने माणसे मरू शकतात याचे ज्ञान त्याला होते असेच धरावे लागेल, असा त्या निकालाचा आशय आहे.

दोष सुरू होतो तो धडक बसते त्या क्षणी नव्हे. तो त्याआधी कित्येक तास, शुद्ध पूर्ण शाबूत असताना, सुरू झालेला असतो. मोटार घेऊन मेजवानीला जाताना, परतायचे कसे याचा विचार न करता पहिला प्याला उचलला, तेव्हा. मॅककॉर्मिकचा तो क्षण लग्नाच्या मांडवात होता आणि तेव्हा तो तुमच्या-माझ्याइतकाच शुद्धीत होता.

आता मघाचा प्रश्न. अमेरिकन तत्त्वज्ञ टॉमस नेगेल यांनी १९७० च्या दशकात त्याला 'नैतिक नशीब' या नावाखाली हात घातला. प्यालेल्याची मोटार पदपथावर चढली आणि तिथे कोणी नव्हते, तर तो नशीबवान. कोणी असते तर तो मरणाला कारणीभूत. हे त्यांचेच उदाहरण. नेगेल यांनी त्यावर सोपे उत्तर दिलेले नाही. मला वाटते, इथे दोन प्रश्न एकात गुंतले आहेत. माणसाने केले ते किती वाईट, हा एक. त्याच्यावर आता देणे किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात ॲडम्स आणि मॅककॉर्मिक एकाच पायरीवर आहेत. किंबहुना चौपट मर्यादा ओलांडणारा ॲडम्स खालच्याच पायरीवर म्हणावा लागेल. दुसऱ्या प्रश्नात त्यांची तुलनाच होत नाही. त्या आईबापांचे देणे सात वर्षांत फिटत नाही, जन्मभरातही फिटत नाही. म्हणून आपले १८५ वे कलम मला शहाणपणाचे वाटते. कोणाला इजा झाली का, हे ते विचारतच नाही. रक्तातला आकडा आणि हातातले चाक एवढेच ते पाहते आणि पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगते. गोलरक्षक मुलाच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर हेच आहे. घरी सुखरूप पोचलेल्यानेही वाटेतल्या प्रत्येकाचा जीव त्याला न विचारता पणाला लावलेला असतो.

मुलांनी मग पुण्याची गोष्ट काढली, ती निघणारच होती. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. मुलगा प्यालेला होता असा पोलिसांचा आरोप आहे. जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. निकाल न्यायालय देईल. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक लक्षात घ्यावे. अशा खटल्यात रक्तातला आकडा हा मुख्य साक्षीदार असतो आणि हा साक्षीदार तासाला १५ मिलिग्रॅमने आपोआप विरघळत असतो. इंग्लंडचा ली ह्यूज हा फुटबॉलपटू नोव्हेंबर २००३ मध्ये एका प्राणघातक अपघातानंतर जागेवरून पळाला आणि सुमारे दीड दिवसाने पोलिसांत हजर झाला. तोवर मोजण्यासारखे काही उरलेले नव्हते. धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवल्याबद्दल त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, मद्यार्काचा हिशेब मात्र कायमचा अंधारात राहिला. पळून जाणे हा माझ्या मते वेगळा आणि अधिक काळा दोष आहे, कारण जखमीला मदत करण्याचे कर्तव्य त्यात मोडले जाते.

"आणि ज्यांनी त्याला जाऊ दिले ते?" मघाच्याच मुलीने विचारले. आपला कायदा त्यांनाही अगदीच मोकळे सोडत नाही. पिऊन गाडी चालवायला कोणाला चिथावणी किंवा साहाय्य दिले तर १८८ व्या कलमाखाली चालकाइतकीच शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी जाऊ देणारे पालक आणि मालकही कैदेला पात्र ठरतात.

तास संपत आला तेव्हा गोलरक्षक फळ्यापाशी आला. तीन मोठे पेग, म्हणजे १२०. मर्यादा ३०. उरले ९०, भागिले १५, म्हणजे सहा तास. मेजवानी मध्यरात्री संपली असे त्याने धरले आणि फळ्यावर 'पहाटे ६' लिहिले. थोडा वेळ त्या आकड्याकडे बघून तो म्हणाला, "सर, शून्यावर यायला आठ तास लागतील. आमची दुधाची गाडी तर पाचलाच निघते."