रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन

‘रौरव नरक’ हा शब्द मराठीत सर्रास वापरला जातो, पण त्यामागची कल्पना फारशी कुणाला ठाऊक नसते. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची वर्णने आहेत. मनुस्मृतीत त्यांची संख्या २१ आहे. भागवतानुसार, माणसाने ज्या जिवांना छळले तेच मरणोत्तर ‘रुरु’ नावाचे, सापाहूनही क्रूर प्राणी होऊन त्याला छळतात. म्हणून तो रौरव. यात शिक्षा देणारा यमदूत नसतो, पीडितच असतो, आणि हीच कल्पना सर्वांत अंगावर येते. पशुपक्ष्यांना जिवंत शिजवणाऱ्यासाठी उकळत्या तेलाचा कुंभीपाक, तर असिपत्रवनात तलवारीसारख्या पानांची झाडे. नरकाच्याच अर्थाचा ‘जहन्नम’ हा शब्द मात्र अरबी-फारसीतून मराठीत आला. त्याचे मूळ जेरुसलेमजवळच्या हिन्नोमच्या दरीत सापडते.