गळ पाण्यात, मोटार काठावर

ताल म्हणावा तर भोपाळचा, बाकी साऱ्या तळ्या, अशा अर्थाची एक म्हण मध्य प्रदेशात रूढ आहे. परमार राजा भोजाने अकराव्या शतकात मातीचा बांध घालून बडा तालाब निर्माण केला, असे परंपरा सांगते. तीस चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेले हे पाणी आणि त्याला लागून 1794 साली छोटे खान या दिवाणाने बांधविलेला छोटा तालाब, या दोहोंना मिळून 2002 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या यादीत स्थान मिळाले. शहराच्या दक्षिणेस कलियासोत आणि केरवा ही धरणे आहेत. आणखी पुढे सिहोर जिल्ह्याच्या हद्दीत कोलार, तर दुसऱ्या अंगाला रायसेन-विदिशाकडे हलाली. इतके पाणी ज्या नगराच्या भोवती आहे, तेथे रविवारी पहाटे गळाची काठी घेऊन घराबाहेर पडणाऱ्यांची वाण कशी पडावी?

हा छंद मोठा सात्त्विक मानला जातो. कणकेचा गोळा अथवा गांडूळ गळाला लावावे, दोर पाण्यात सोडावा आणि रोहू, कटला किंवा मृगळ यांच्या मर्जीची वाट पाहत बसावे. यात कोणाचे काही बिघडण्यासारखे नाही. (माशाचे बिघडते, ही गोष्ट निराळी.) परंतु दोन-तीन तासांनी हा गृहस्थ चढ चढून आपल्या वाहनापाशी परततो, तेव्हा कधी कधी मोटारीची बाजूची काच चुरा होऊन आसनावर पडलेली असते आणि पिशवी नाहीशी झालेली असते. स्कूटर असेल तर डिकीचे कुलूप पिरगळलेले आढळते. या चोरीला देश-प्रांताची मर्यादा नाही. अमेरिकेत नदीकाठी मासे धरणाऱ्यांसाठी मुद्दाम राखलेल्या वाहनतळांवरही मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नयेत अशा पाट्या लावलेल्या असतात. तळ्याकाठच्या एकांतातच असे काय आहे की ज्यामुळे चोराचे इतके फावावे, हे नीट समजून घेण्याजोगे आहे.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोघा अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 साली एक साधा विचार मांडला. चोरी घडण्यास चोराची दुष्ट बुद्धी एकटी पुरी पडत नाही. चोरीस उद्युक्त झालेला माणूस, चोरून नेण्याजोगी वस्तू आणि राखणदाराचा अभाव, या तीन गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी जुळून याव्या लागतात. राखणदार म्हणजे काही केवळ पोलीस नव्हे. दारात तांदूळ निवडीत बसलेली आजी, कोपऱ्यावरचा पानवाला, येणारा-जाणारा वाटसरू, हे सारे नकळत राखणच करीत असतात. शहरातील गल्लीत उभी असलेली मोटार अशा शंभर डोळ्यांच्या पहाऱ्यात असते. धरणाच्या काठी झाडाखाली उभ्या केलेल्या मोटारीवर एकही डोळा नसतो. तिच्या मालकाचे दोन डोळे आहेत खरे, पण ते पाण्यावरच्या तरंगत्या बोंडावर खिळलेले असतात आणि पाठ मोटारीकडे असते.

मालक केव्हा परत येईल, ही बाजारातल्या चोराच्या मनात सदैव वावरणारी धास्ती. वाण्याच्या दुकानात गेलेला माणूस दोन मिनिटांतही परतेल, अर्धा तासही लावील. गळ टाकून बसलेला माणूस मात्र उठणार नाही याची जवळजवळ हमीच असते. सहनशीलता हाच त्याच्या छंदाचा आत्मा. आणि तीच चोराला मिळालेली मुदत. झुडपाआडून पाहणाऱ्याला हेही दिसते की आलेला माणूस एकटा आहे, मोबाइल भिजू नये म्हणून तो गाडीतच ठेवून गेला आहे आणि पाकीटही पाठोपाठ आसनाखाली सरकविले आहे. उतरल्यावर इकडे-तिकडे पाहून पिशवी डिकीत लपविणे याचा अर्थ, ती कोठे आहे ते पाहणाऱ्याला नेमके दाखविणे. लपवावयाचे ते घरून निघतानाच लपवावे, किंबहुना घरीच ठेवावे.

भोपाळच्या पाण्याची एक खोड या प्रकरणात भर घालते. बड्या तालाबाची पूर्ण पातळी 1666.80 फूट आहे. पावसाळ्यात हा आकडा शहरात क्रिकेटच्या धावसंख्येसारखा तोंडोतोंडी असतो, आणि तो गाठला की 1965 साली बांधलेल्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडलेले पाहण्यास गर्दी लोटते. तेव्हा पाणी पश्चिमेकडील सखल शेतांपर्यंत चढलेले असते आणि मोटार काठापासून हाकेच्या अंतरावर राहते. परंतु उतार मंद असल्यामुळे पातळी थोडीशी उतरली तरी काठ कितीतरी दूर सरकतो. फाल्गुन-चैत्रात मोटार जुन्याच जागी उभी राहते आणि तिचा धनी चिखलातून वाट काढीत पाण्यामागे जातो. मधले उघडे मैदान ओलांडून काच फुटल्याचा आवाज त्याच्या कानी पडणे कठीण.

तो आवाज फारसा मोठा नसतोही. मोटारीत दोन जातींची काच असते. समोरची काच दोन पातळ काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून केलेली. ती तडकते, पण जागा सोडत नाही. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हिचा शोध लावला. बाजूच्या खिडक्यांची काच निराळी. ती सहाशे अंशांच्या वर तापवून वाऱ्याच्या झोताने एकाएकी थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग आतल्या आत दाबलेला आणि गाभा ताणलेला राहतो. साध्या काचेपेक्षा ती पुष्कळ बळकट, पण एकदा तो ताण मोकळा झाला की संपूर्ण काच क्षणात मणी विखुरावेत तशी विखुरते. माणसाला जखम होऊ नये म्हणून योजलेला हा गुण चोरालाही सोयीचा पडतो, हा दैवदुर्विलास. या मण्यांचा एक उपयोग मात्र आहे. ज्या झाडाखाली गाडी उभी करावयाची, तेथील मातीत हिरवट-पांढरे काचकण चमकताना दिसले तर तेथे पूर्वी काय घडले ते समजून घ्यावे आणि गाडी पुढे न्यावी.

काचेला गडद कागद चिकटवून आतील वस्तू झाकण्याचा उपाय आता कायद्याने बंद आहे. 1989 च्या मोटारवाहन नियमांप्रमाणे पुढील व मागील काचेतून सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के प्रकाश पलीकडे गेला पाहिजे. या नियमावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली असे काळे कागद लावण्यास मनाई केली. काळ्या काचांआड गुन्हे घडतात, या तक्रारीतून तो निर्णय निघाला. तो योग्यच होता. परंतु त्यामुळे आसनावरील पिशवी जगाला दिसते, हेही खरे.

पिशवीची किंमत ती काय, असे वाटेल. वास्तविक गळ, रीळ आणि डबा गेल्याचे दुःख आठवड्यात ओसरते. घोर लागतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मोटारीच्या कप्प्यात नोंदणीपुस्तक असते, त्यावर मालकाचा पत्ता; आणि पिशवीत बहुधा घराची किल्ली. हे दोन्ही एकाच हाती लागले की चोराला घराचे दारच उघडून दिल्यासारखे होते, आणि घरधनी अजून चाळीस किलोमीटर दूर तळ्याकाठी बसलेला असतो. वाहनाची कागदपत्रे बरोबर बाळगण्याची आता गरज राहिलेली नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांतून मोबाइलवर दाखविलेली कागदपत्रे 2018 पासून ग्राह्य धरली जातात. मोबाइल मात्र खिशात हवा. वाहनाचा नेहमीचा विमा काचेची भरपाई देऊ शकतो. आतील खासगी वस्तू, वेगळे कलम घेतलेले नसेल तर, त्यात येत नाहीत.

चोरी झाल्यावर फिर्याद कोठे द्यावी, हा भोपाळच्या माणसाला पडणारा खरा पेच. शहरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण ठाणी त्याच्या कक्षेबाहेर. आणि कोलारच्या काठी गेलेला माणूस तर जिल्ह्याचीच शीव ओलांडून गेलेला असतो. 'ही हद्द आमची नव्हे' हे वाक्य ऐकून पुष्कळ जण काच बदलून गप्प बसत आले, आणि जी चोरी नोंदली गेली नाही ती सरकारी हिशेबात घडलेलीच नसते. ज्या जागेच्या नावे कागदावर चोऱ्या नाहीत, तेथे गस्त तरी कोणी कशासाठी घालावी? 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमाने या सबबीला जागा ठेवलेली नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदून घेतली पाहिजे. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते; मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला 303 व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, आरोपीचा तो पहिलाच गुन्हा असेल आणि माल अथवा त्याची किंमत त्याने परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. 305 वे कलम अधिक कडक आहे. माल किंवा उतारू वाहून नेण्याच्या साधनातून वस्तू चोरल्यास ते सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. रविवारच्या छंदाला निघालेली खासगी मोटार त्या शब्दांत बसते काय, यावर वकिलांना वाद घालता येईल. काच फोडणे ही स्वतंत्र आगळीक आहेच.

तथापि कायदा चोरीच्या मागून येतो. तिच्या आधी तेथे कोण असते? काठावर जाळी वाळत घालणारे मच्छीमार असतात, म्हशी धुणारी पोरे असतात, शिंगाड्याच्या वेली सांभाळणारे असतात, चहाची टपरी असते. आणि चोरी झाली की पहिला संशय नेमका यांच्यावरच जातो. या संशयाला जुना वारसा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच चोर ठरविले होते. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण महाराष्ट्राप्रमाणेच भोपाळमध्येही पारधी वस्त्यांचा अनुभव असा की, कायदा गेला तरी नजर गेली नाही. काठावरच्या पोराला दोन वेळा दटावून, एकदा ठाण्यावर बसवून ठेवले की ते पोर पुन्हा गाड्यांच्या आसपास फिरकत नाही. सभ्य मंडळींना बरे वाटते. चोरालाही बरे वाटते. कारण त्या झाडाखाली जी एक जोडी डोळ्यांची होती, तीही आता उरलेली नसते.

याउलट जेथे टपरीवाल्याशी दोन शब्द बोलून, चहा घेऊन, गाडी त्याच्या समोर उभी करण्याची रीत पडली आहे, तेथे पाहणारा कोणी तरी आयताच लाभतो. मुंबईच्या पवई तलावावर हौशी मासे धरणाऱ्यांची जुनी संघटना आहे. तेथे येणारा माणूस सभासद म्हणून ओळखीचा असतो. आणि जेथे ओळखीची माणसे जमतात, तेथे अनोळखी माणूस चटकन डोळ्यांत भरतो. भोपाळच्या विस्तीर्ण काठाला फाटक घालता येणार नाही, आणि घालूही नये. पण रविवारी येणाऱ्या दहा जणांनी एकमेकांची नावे माहीत करून घेणे, गाड्या विखरून न लावता एकत्र लावणे आणि आळीपाळीने एकाने मधूनमधून वर चढून येणे, याला ना सरकारी मंजुरी लागते, ना पैसा. स्कूटरवाल्यांसाठी तर हाच एक उपाय आहे, कारण डिकीचे कुलूप हे नावापुरतेच कुलूप असते.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ म्हणून नद्या-जलाशयांत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत काठ ओस पडतात. मुदत संपून मंडळी पुन्हा गळ घेऊन येऊ लागतात, तेव्हा तालाब बहुधा भरत आलेला असतो आणि पाणी रस्त्याला भिडू पाहत असते. मागे वळून पाहिले की मोटार दिसते. माघ उजाडेपर्यंत हे सुख टिकते. पुढे पाणी हळूहळू आत सरकू लागते, त्याच्या मागोमाग माणूस सरकतो, आणि मोटार आपल्या झाडाखाली एकटी राहते.